सातपुड्यात इंटरनेट चढवताना

नंदुरबार जिल्ह्यात इंटरनेटचा खरा प्रश्न तळोदा-शहाद्याच्या उत्तरेला सुरू होतो. दक्षिणेकडचं तापीखोरं सपाट, बागायती आणि रस्त्यांनी बांधलेलं आहे. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग नवापूर-नंदुरबारवरून जातो आणि रुळांच्या कडेने रेलटेलचं फायबर जातं. धुळे-सुरत महामार्ग विसरवाडी-नवापूरवरून, तर अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता अक्कलकुवा, तळोदा, शहादा असा जातो. फायबर रूळ आणि डांबरी रस्ता सोडून फारसं भटकत नाही. त्यामुळे या पट्ट्यातल्या कसब्यांत केबलवाल्यांनीही घरोघरी ब्रॉडबँड पोहोचवलं. त्याच्या वर सातपुड्याच्या रांगा उभ्या राहतात. धडगावचा अक्राणी तालुका, अक्कलकुव्याचा मोलगीकडचा डोंगराळ भाग, तोरणमाळचं पठार आणि या सगळ्याच्या पलीकडे नर्मदा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आहेत, २०११च्या जनगणनेनुसार जवळपास ७० टक्के लोक आदिवासी आहेत, आणि नेटवर्कची सगळ्यात मोठी ओढाताण याच उत्तरेकडच्या डोंगरांत आहे.

याच जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पुढच्या दशकात त्या क्रमांकावर रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, बँकेचं खातं असं सगळं बांधलं गेलं. टेंभली शहादा तालुक्यातली, सपाटीवरची, तिथे निभावलं. डोंगरातल्या रेशन दुकानात मात्र अंगठा घ्यायचा तर ई-पॉस मशीनला आधी रेंज लागते. आश्रमशाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत, बँकेचा प्रतिनिधी यांचं रोजचं काम आता ऑनलाइन झालं आहे आणि त्यांतलं कोणीच केवळ गंमत म्हणून इंटरनेट मागत नाही.

मग शहाद्यात किंवा तळोद्यात लीज लाइन घेऊन बसलेल्या छोट्या इंटरनेटवाल्याने ही लाइन वर कशी न्यावी? घाटातून फायबर टाकायचं तर वनखात्याची परवानगी, कातळात चर, पावसाळ्यातल्या दरडी आणि रस्तारुंदीच्या वेळी जेसीबीचा दात, एवढं सगळं आडवं येतं. खांबांवरून हवेतून तार नेली तरी ती झाडांखाली सापडते. उरते ती बिनतारी लिंक. मुख्य लाइन जिथे संपते तिथून वस्तीपर्यंत डेटा वाहून नेणारा हा दुवा, म्हणजे धंद्याच्या भाषेत बॅकहॉल. मोबाइलच्या टॉवरलाही तो लागतोच. डोंगरात फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि एक पान उघडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा टॉवर आणि फोन ठीक असतात. टॉवरमागचा हा दुवा अपुरा पडलेला असतो.

घरातल्या वाय-फायच्या तंत्राने लांबचे पल्ले मारण्याची कल्पना वीस-पंचवीस वर्षांची आहे. आपल्याकडे तिची सुरुवात आयआयटी कानपूरच्या ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ प्रकल्पाने झाली. भास्करन रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंगेच्या मैदानात वाय-फायचे साधे रेडिओ मोठ्या अँटेनांना जोडून लिंक उभारल्या. त्यांतली सर्वांत लांब ३९ किलोमीटरच्या आसपास होती. त्या कामातून एक अडचण पुढे आली. वाय-फायची घडण घरापुरती आहे. डेटाचं पाकीट पाठवलं की समोरून लगेच पोच यावी लागते. ठरलेल्या वेळेत आली नाही तर पाकीट हरवलं असं धरून रेडिओ ते पुन्हा पाठवतो. पण ३० किलोमीटर जायला लहरीला १०० मायक्रोसेकंद लागतात, यायला तेवढेच, आणि तोवर रेडिओचा धीर सुटलेला असतो. त्यावर रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये दोन्ही टोकांनी पाळीपाळीने बोलण्याची पद्धत मांडली. पुढे दोघंही आयआयटी मुंबईत आले. आज बाजारात मिळणाऱ्या लांब पल्ल्याच्या प्रत्येक रेडिओत पाळी ठरवून देणारी अशी काहीतरी व्यवस्था असतेच. युबिक्विटीची एअरमॅक्स घ्या, की लॅटव्हियाच्या मिक्रोटिकची एनव्ही-टू.

जगात याहून मोठे पल्ले मारले गेले आहेत. व्हेनेझुएलाच्या एरमानो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये दोन डोंगरांमध्ये ३८२ किलोमीटरची वाय-फाय लिंक चालवून दाखवली. तो विक्रम होता. त्यावर कुणाचा धंदा उभा राहिला नाही. आपल्या कामाचं उदाहरण नेपाळचं. महाबीर पुन यांनी म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी गावापासून सुरुवात करून डोंगरकड्यांवर रिले केंद्रं बसवली आणि खोऱ्यांतली गावं एकेक करून जोडली. त्यांना २००७ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तामिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कलीच्या संशोधकांना सोबत घेऊन आसपासची तपासणी केंद्रं अशाच लिंकने जोडली आणि खेड्यातले रुग्ण डॉक्टरांना पडद्यावर भेटू लागले. त्या अभियंत्यांनी नंतर लिहिलेला अनुभव प्रत्येक इंटरनेटवाल्याने वाचावा असा आहे. रेडिओ लहरींनी त्यांना फार छळलं नाही. छळलं ते गावच्या विजेने. मध्येच उसळणारा दाब, मध्येच खाली बसणारा, आणि त्यात जळणारी उपकरणं.

महाराष्ट्रात दोन प्रयोग लक्षात घेण्यासारखे. पालघर जिल्ह्यात खामलोली आणि आसपासच्या गावांत अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली आयआयटी मुंबईने दूरचित्रवाणीच्या रिकाम्या तरंगपट्ट्यांतून इंटरनेट नेलं. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या या लहरी झाडीतून बऱ्या जातात. सातपुड्याला हेच हवं होतं. त्यांच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने २०१७ मध्ये मोझिलाची ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धा जिंकली. पण परवानगी प्रयोगापुरतीच राहिली आणि छोट्या व्यावसायिकाला तो पट्टा आजही मोकळा नाही. दुसरं उदाहरण मेळघाटातल्या हरिसालचं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीने ते देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. २०१९च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत भर सभांतून त्याची दुसरी बाजू दाखवली, भाजपने त्याला उत्तर दिलं. राजकारण बाजूला ठेवलं तरी यंत्रं बसवल्यावर रोजची देखभाल कोण करणार, हा प्रश्न तिथे उघडा पडला. सातपुड्यातही तो पहिल्या दिवसापासून उभा राहणार आहे.

आता कायद्याकडे. मोकळ्या, म्हणजे विनापरवाना तरंगपट्ट्यांचा हिशेब समजल्याशिवाय लिंक स्वस्त का पडते हे कळत नाही. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरच्या वापरालाही खुला झाला. २००७ मध्ये ५.८२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्झ एवढी ५० मेगाहर्ट्झची चिंचोळी पट्टी मिळाली. वीस-वीसचे दोन चॅनेल पडले की ती संपली. कसब्यातले चार केबलवाले एकाच टाकीवर डिश लावून एकमेकांचा आवाज बुडवत बसायचे ते त्यामुळेच. ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ खुले केले आणि छोट्या इंटरनेटवाल्याला खऱ्या अर्थाने जागा मिळाली. माझ्या मते ग्रामीण इंटरनेटसाठी गेल्या दशकात झालेला हा सर्वांत कमी गाजलेला आणि सर्वांत उपयोगी निर्णय आहे.

याहून वरचे पट्टे छोट्यांच्या हाती नाहीत. ६० आणि ८० गिगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे परदेशात गिगाबिट लिंकसाठी सर्रास वापरले जातात. आपल्याकडे त्यांचं काय करायचं यावर दूरसंचार नियामक ट्रायने मे २०२५ मध्ये पुन्हा सल्लामसलत मांडली. खरं सांगायचं तर सातपुड्याला त्यांचा फारसा उपयोगही नाही. ६० गिगाहर्ट्झला हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबल गिळतो, आणि ८० गिगाहर्ट्झची लिंक मुसळधार पावसात किलोमीटरमागे तीसेक डेसिबल हरवते. ५ गिगाहर्ट्झला त्याच पावसाचं नुकसान किरकोळ. पैसे मोजून परवाना घ्यायच्या मायक्रोवेव्ह पट्ट्यांची रॉयल्टी अंतर आणि रुंदीच्या सूत्राने आकारली जाते; मोठ्या कंपनीला ती जाणवत नाही, दोनशे ग्राहकांच्या दुकानाला झेपत नाही.

मोकळ्या पट्ट्याला मोकळीक असली तरी मर्यादा आहे. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याच्या वरच्या भागात, म्हणजे ५.८च्या आसपास, अँटेनातून बाहेर पडणारी एकूण ताकद ४ वॅटपर्यंत, म्हणजे ३६ डीबीएम. डिश मोठी घेतली तर रेडिओची ताकद तेवढी कमी करायची. यातली मेख पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मोठी डिश बोलण्यासाठी घ्यायचीच नसते, ऐकण्यासाठी घ्यायची असते. कानामागे हात धरला की समोरच्याला आवाज चढवावा लागत नाही, तसंच हे. ऐकण्याच्या बाजूने डिश कितीही मोठी घ्या, कायदा आड येत नाही आणि शेजाऱ्याला त्रासही होत नाही. तरीही रेडिओच्या सेटिंगमध्ये देश बदलून ताकद चढवणारे महाभाग प्रत्येक तालुक्यात सापडतात. दुसऱ्यानेही तेच केलं की दोघांच्या लिंक बसतात.

एक हिशेब करून पाहू. अंतर ३० किलोमीटर, वारंवारता ५.८ गिगाहर्ट्झ. मोकळ्या हवेतच सिग्नल १३७ डेसिबलने क्षीण होतो. पाठवणारा ३६ डीबीएमवर, समोर ३० डेसिबलची, म्हणजे साधारण दोन-सव्वादोन फुटांची डिश. हाती येतात उणे ७१ डीबीएम. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये गोंगाटाची पातळी उणे ९६च्या आसपास असते, म्हणजे फरक पंचवीस डेसिबलचा. प्रत्यक्षात पन्नास ते ऐंशी एमबीपीएस मिळावेत, दोन्ही दिशांचे मिळून, तेही हवा शांत असताना आणि आसपास दुसरा गोंगाट नसताना. अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल परत मिळतात. तेवढ्यात चॅनेल दुप्पट रुंद करता येतो आणि हवा बिघडेल तेव्हासाठी थोडी शिल्लकही उरते. म्हणून लांब पल्ल्याचं कौतुक जरा बेताने करावं. मधे चांगली जागा मिळत असेल तर पंधरा-पंधराचे दोन टप्पे एका तिसाच्या टप्प्यापेक्षा जवळपास नेहमी सरस. पण मधली जागा म्हणजे आणखी एक खांब, आणखी एक बॅटरी, आणखी एक राखणदार. सगळा तोल इथे आहे.

या पन्नास-ऐंशीत किती घरं बसतात? साठ एमबीपीएस धरले आणि संध्याकाळी आठ-नऊच्या सुमाराला प्रत्येक घर दोन एमबीपीएस ओढतं असं मानलं, तर तीस. एक आश्रमशाळा, एक दवाखाना आणि बाजाराच्या गावातली तीस घरं एवढाच स्वस्त लिंकचा आवाका. त्यातून ‘तालुका ऑनलाइन’ करण्याच्या बाता कोणी मारत असेल तर कागद-पेन्सिल मागावी.

सपाटीवर हे साधणंही सोपं नसतं. दोन टोकं एकमेकांना दिसली म्हणजे झालं, असं रेडिओला चालत नाही. दृष्टिरेषेभोवती लांबट फुग्यासारखा एक पट्टा मोकळा लागतो. ३० किलोमीटरच्या लिंकमध्ये मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे २० मीटर, आणि त्यातला निदान साठ टक्के, म्हणजे बारा मीटर, रिकामा हवा. शिवाय पृथ्वीची गोलाई मध्यावर तेरा मीटर वर येते. झाली पंचवीस मीटर, त्यावर दहा-बारा मीटरची झाडं. अशा हिशेबाने शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर दोन्ही टोकांना पस्तीस-चाळीस मीटरचे मनोरे लागतील. रेडिओ आणि डिशची जोडी हजारांत येते. मनोरा लाखांत जातो. आयआयटीवाल्यांनीही गंगेच्या मैदानात हेच पाहिलं होतं: स्वस्त रेडिओ विकत घेता येतो, उंची महाग पडते.

सातपुड्यात उंची फुकट आहे. इथेच नंदुरबारचं नशीब उजळ आणि त्याच वेळी अवघडही. शहाद्याच्या दोनेकशे मीटरच्या सपाटीवरून हजार मीटरची धार दिसते. त्या धारेवर दहा फुटांचा खांबही पुरे. शहाद्याहून तोरणमाळचा घाटरस्ता पन्नासेक किलोमीटरचा. हवाई अंतर त्याहून बरंच कमी. पण पठारावर असणं आणि कड्यावर असणं या दोन गोष्टी वेगळ्या. तोरणमाळ गाव यशवंत तलावाच्या काठाला, पठाराच्या आत आहे. कड्यावरून सपाटी दिसते, गावातून ती दिसेलच असं नाही, म्हणून कड्यापासून गावापर्यंत आणखी एक छोटी उडी धरावी लागते. धडगावचं तेच. तालुक्याचं ठिकाण खोऱ्यात, भोवती रांगा. एका धारेवरून दक्षिणेची सपाटी आणि उत्तरेचं खोरं दोन्ही दिसतील अशी जागा शोधणं हेच खरं काम.

सर्वांत उंच शिखर गाठायचा मोह टाळावा. जिल्ह्यातलं सर्वांत ठळक शिखर अस्तंभा, सुमारे १,३२५ मीटर. दिवाळीला हजारो लोक यात्रेला चढतात, ते श्रद्धेचं ठिकाण आहे आणि तिथे लोखंड रोवण्याचा विचारही कुणी करू नये. तांत्रिक कारण वेगळं आहे. फार उंचावरून पाहिलं तर खोऱ्यातली वस्ती डोंगराच्या पोटाआड जाते, आणि शंभर किलोमीटरवरच्या कुणाच्याही लिंकचा गोंगाट मात्र कानावर येतो. मधल्या उंचीची, एका बाजूला आड असलेली सोंड बहुधा जास्त कामाची ठरते.

जागा शोधायला नकाशे आहेत. नासाच्या २०००च्या अंतराळयान मोहिमेतला उंचीचा विदा सर्वांना फुकट मिळतो, इस्रोचं भुवन आहे. दोन बिंदू दिले की मधल्या जमिनीचा काप घरबसल्या पडद्यावर येतो. त्यातून दहातल्या सात जागा बाद होतात, आणि तेही कमी नाही. पण नकाशाला साग दिसत नाही. सातपुड्याचं जंगल पानझडीचं. फाल्गुन-चैत्रात सागाची पानं गळून धार उघडी पडते. बहुतेक सर्वेक्षणं याच काळात होतात, कारण तेव्हा रस्ते कोरडे असतात, माणसं मोकळी असतात आणि मार्चअखेरचं बजेट संपवायचं असतं. लिंक लागते, सिग्नल सुरेख येतो, फोटो निघतात. आषाढात सागाला परातीएवढी पानं फुटतात, पावसाने चिंब होतात आणि ५ गिगाहर्ट्झची लहर त्यात जिरून जाते. मग ‘पावसाने लिंक गेली’ म्हणतात. पाऊस हवेतून पडताना तिचं फार बिघडवत नाही; पानांवर थांबतो तेव्हा बिघडवतो.

पाण्याचा दुसरा उपद्रव नर्मदाकाठी. सरदार सरोवर सप्टेंबर २०१९ मध्ये १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरलं आणि जिल्ह्याची उत्तर सीमा म्हणजे लांबच लांब फुगवटा झाला. पाण्यावरून जाणाऱ्या लिंकमध्ये एक किरण सरळ येतो, दुसरा पाण्यावर आपटून. दोघं कधी एकमेकांना बळ देतात, कधी मारतात, आणि धरणाची पातळी हलली की गणित बदलतं. उपाय असा की अँटेना अगदी काठावर न लावता थोडी मागे लावावी, म्हणजे पाण्यावरून उसळलेला किरण पुढच्या टेकाडावरच अडतो. सपाटीवरही हिवाळ्यातल्या पहाटे तापीखोऱ्यात थंड हवा खाली साचली की लहर वाकते आणि तासा-दोन तासांसाठी सिग्नल खाली बसतो. सकाळी सातला पडून नऊला आपोआप उठणाऱ्या लिंकचं हे एक नेहमीचं कारण; रेडिओ बदलून ते जात नाही, शिल्लक डेसिबल ठेवूनच जातं. नदीकाठाला आणखी एक कागदी अडचण आहे. समोरचा काठ गुजरात किंवा मध्य प्रदेशचा. छोट्या इंटरनेटवाल्याचा परवाना दूरसंचार जिल्ह्यापुरता किंवा फार तर महाराष्ट्रापुरता असतो, त्यामुळे हाकेच्या अंतरावरच्या पलीकडच्या पाड्यात तो ग्राहक जोडू शकत नाही.

लिंक जुळवण्याची गंमत वेगळीच. ३० डेसिबलच्या डिशचा झोत पाचेक अंशांचा. ३० किलोमीटरवर एक अंश म्हणजे अर्धा किलोमीटर. दोन्ही टोकांना माणसं लागतात, त्यांना एकमेकांशी बोलावं लागतं, आणि जिथे लिंक लावायची तिथेच फोन लागत नाही. तेव्हा वॉकीटॉकी न्यावी, नाहीतर आधी घड्याळ लावून वेळा ठरवून घ्याव्यात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे डिशच्या मुख्य झोताऐवजी बाजूच्या फुटव्यावर लिंक जुळणं. सिग्नल येतो, लोक खूश होऊन उतरतात, आणि पंधरा-वीस डेसिबल कायमचे गमावलेले असतात. आधी हिशेब केलेला असेल तर ही चोरी जागीच पकडली जाते: उणे ७१ यायला हवे आणि उणे ८८ येत असतील तर कुठेतरी पाणी मुरतंय.

धारेवर वीज नसते. एक रेडिओ दहा वॅटच्या आतच खातो. दोन रेडिओ आणि मधला स्विच मिळून २० वॅट धरू. दिवसाला ४८० वॅट-तास. श्रावणझडीत तीन दिवस सूर्य दिसला नाही तरी चालायचं असेल तर १,४४० वॅट-तास साठा हवा. १२ व्होल्टला १२० अँपिअर-तास, आणि साधी लेड-ॲसिड बॅटरी अर्धीच वापरायची म्हणून २४० अँपिअर-तास. पावसाळ्यात दिवसाला तीन तासांचं खणखणीत ऊन आणि उतरलेली बॅटरी पुन्हा भरण्याची सोय धरून पॅनेल ३०० वॅटच्या आसपास. एवढं सामान डोक्यावरून वर न्यायचं आणि नंतर सांभाळायचं. बॅटरी आणि पॅनेल या दोन्ही वस्तूंना शेतात तितकाच उपयोग आहे, हे विसरून चालत नाही. तिथे कुलपापेक्षा पाड्यातल्या एखाद्या तरुणाला शिकवून महिन्याला ठरावीक रक्कम देणं स्वस्त पडतं. तोच पॅनेल पुसतो, वानरांनी ओढलेली केबल बांधतो आणि लिंक पडली की संध्याकाळपर्यंत वर जातो. शहाद्याहून माणूस पाठवायचा तर दिवस मोडतो.

विजा हा सातपुड्यातला खरा शत्रू. एकाकी धारेवर उभा लोखंडी खांब म्हणजे विजेला आमंत्रणच, आणि खाली काळा बेसाल्ट. त्या कातळात अर्थिंग बसत नाही. पट्टी खाली मातीपर्यंत न्यावी लागते, कोळसा-मिठाचा खड्डा भरावा लागतो, केबलला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावावा लागतो. कोटेशनमध्ये या ओळीवर कात्री लागते आणि जूनच्या पहिल्याच वळवात दोन्ही रेडिओ जातात.

धारेची जमीन बहुधा वनखात्याची. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन शाळा, दवाखाना, रेशन दुकान अशा तेरा सोयींसाठी वळवता येते आणि त्या यादीत वीज व दूरसंचाराच्या तारा आहेत. पण सोय सरकारने चालवलेली हवी. खासगी इंटरनेटवाल्याला ही वाट बंद. त्याला १९८०च्या वनसंवर्धन कायद्याची लांब वाट धरावी लागते आणि दहा फुटांच्या खांबासाठी ती कुणालाच परवडत नाही. म्हणून प्रत्यक्षात लिंक उभ्या राहतील त्या खासगी शेताच्या बांधावर, आश्रमशाळेच्या छपरावर, पाण्याच्या टाकीवर. जागा रेडिओच्या दृष्टीने दुय्यम असली तरी कागदाच्या दृष्टीने ती पहिली. भिल्ल-पावरा वस्तीची ठेवणही लक्षात घ्यावी: घरं एकमेकांना खेटून नसतात, ज्याचं घर त्याच्या शेतात, टेकाडाटेकाडावर. त्यामुळे धारेवर लिंक आली तरी पाड्यापर्यंतचा शेवटचा टप्पा लांबतो आणि ग्राहकामागचा खर्च वाढतो.

एवढ्या खटाटोपापेक्षा सरकारी फायबरची वाट का पाहू नये? वाट २०११ पासून पाहणं चाललं आहे. तेव्हा मंजूर झालेली राष्ट्रीय फायबर योजना पुढे भारतनेट झाली, राज्यात तिचा दुसरा टप्पा महानेट म्हणून आला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना मंजूर केली. ग्रामपंचायतीत पेटी बसली म्हणजे इंटरनेट आलं असं होत नाही, हे आतापर्यंत सगळ्यांनाच कळलं आहे. तरीही धडगाव आणि मोलगीसारख्या बाजारगावांना शेवटी फायबरच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मोबाइलच्या बाजूने नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांसाठी फोर-जीचा निर्णय झाला. नंदुरबार आकांक्षित जिल्हा आहे. पुढे जुलै २०२२ मध्ये बीएसएनएलला २४,६८० गावांचं काम मिळालं. टॉवर उभे राहतात ती चांगलीच गोष्ट, पण त्यांच्यामागचा दुवा तोच जुना प्रश्न पुढे आणतो.

उपग्रहाने चित्र थोडं बदललं आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्रावर सही केली आणि गडचिरोली, वाशीम, धाराशिवबरोबर नंदुरबारचं नाव त्यात घेतलं. नर्मदाकाठच्या, होडीनेच जाता येणाऱ्या पाड्यात उपग्रहाची थाळी लावणं हे तीन धारांवर तीन खांब रोवण्यापेक्षा शहाणपणाचं आहे, हे बिनतारी लिंकवाल्यांनी मोकळेपणाने कबूल करावं. पण थाळीचा महिन्याचा पैसा जिल्ह्याबाहेर जातो आणि बिघाडाला जवळचा माणूस नसतो. पाच-सात पाड्यांमध्ये वाटून घ्यायचं असेल, शाळा आणि दवाखाना एकाच धारेच्या नजरेत असतील, तर ५ गिगाहर्ट्झची लिंक अजूनही सर्वांत स्वस्त. बाजारगावाला फायबर, एकाकी काठाला उपग्रह आणि मधल्या सगळ्या डोंगराला बिनतारी, अशी वाटणी मला पटते.

ही मधली जागा छोटा इंटरनेटवाला एकटा भरू शकणार नाही, आणि त्याने भरावी अशी अपेक्षाही चुकीची आहे. रेडिओ त्याने घ्यावेत, ग्राहक त्याने सांभाळावेत. धारेवरचा खांब, सौर वीज आणि अर्थिंग मात्र सार्वजनिक असावं. वनहक्क कायद्याची सवलत सरकारी सोयीलाच मिळत असेल तर सोय सरकारने उभारावी, ग्रामसभेने सुचवलेल्या जागी, आणि तिथे जो येईल त्या परवानाधारकाला ठरावीक भाड्याने जागा द्यावी. अक्राणी आणि अक्कलकुव्यात मिळून अशा मोजक्या धारा निवडल्या तर जिल्हा नियोजनाच्या किंवा आदिवासी उपयोजनेच्या पैशात ते बसण्यासारखं आहे. एकाच कंपनीला मक्ता देऊन हे काम उरकू नये.

आणि शहादा-तळोद्याच्या ज्या केबलवाल्याला डोंगरात जायचं आहे, त्याने आधी रेडिओ विकत घेऊ नयेत. भाद्रपदात, सागाला पानं असताना धार चढावी, दोन्ही टोकं दुर्बिणीने पाहावीत, पाड्यात बसून जागेचं आणि राखणीचं बोलणं करावं. सामान दिवाळीनंतर घेतलं तरी चालेल.